नियमामागचा स्फोट: सांगली-साताऱ्यातल्या खानावळी, कार्यालयं आणि घरांसाठी गॅसची तपासणी

गॅसच्या पुस्तिकेतल्या सूचना नुसत्या पाठ करून पाळल्या की निम्म्या चुकीच्या जागी लागू होतात. खिडकी उघडी असते, पण गॅस साचलेला असतो जमिनीलगत. नळी नवी असते, पण तेल उडू नये म्हणून तिला कापड गुंडाळलेलं असतं आणि पडलेली भेग कोणाला दिसत नाही. सूचना कुठल्या अपघातातून आली हे कळलं, की ती आपल्या स्वयंपाकघरात नेमकी कुठे लावायची तेही कळतं. म्हणून खालची तपासणी बिघाडांच्या क्रमाने दिली आहे. ती करायला अर्धा दिवस पुरतो.

आधी थोडे आकडे

आपल्याकडचा एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. टाकीत तो द्रव असतो; बाहेर पडून वायू झाला की साधारण २५० पट फुगतो. हवेपेक्षा तो दीड ते दोन पट जड आहे, म्हणून पाण्यासारखा उताराकडे जातो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ ते साडेनऊ टक्के असलं की ठिणगी पुरते. १० बाय १० ची, ८ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे साडेबावीस घनमीटर. एवढ्या खोलीची हवा पेटण्याजोगी व्हायला एक किलोच्या आसपास गॅस पुरतो. कमर्शिअल टाकीत तो १९ किलो असतो. आणि तो सगळ्या खोलीत सारखा पसरेपर्यंत थांबत नाही. छताकडे काहीच नसताना ओट्याखाली, फ्रिजच्या कॉम्प्रेसरपाशी, ते २ टक्के आधीच भरलेले असतात.

टाकीतला दाब ऋतूप्रमाणे साधारण ५ ते ७ किलो प्रति चौरस सेंटीमीटर असतो. घरगुती रेग्युलेटरनंतर तो ३० ग्रॅमवर येतो, म्हणजे दीडशे-दोनशे पट कमी. रेग्युलेटरच्या अलीकडची गळती आणि पलीकडची गळती एका मापाने मोजायची नाही, ती यामुळे.

जिथे पाइपचा गॅस आला आहे तिथे हिशेब उलटा. तो मुख्यतः मिथेन असतो, हवेपेक्षा हलका, आणि ५ ते १५ टक्क्यांत पेटतो. एलपीजीचा डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर लावायचा, पाइप गॅसचा छताखाली फूटभर. खालचा वरती लावला तर तो शोभेचा.

वास

गॅसला स्वतःचा वास नसतो. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावची शाळा उडाली आणि सुमारे ३०० जण गेले, बहुतेक मुलं. खर्च वाचवायला शाळेने तेलक्षेत्रातल्या टाकाऊ गॅसच्या वाहिनीला जोडणी घेतली होती. इमारतीखालच्या पोकळीत गॅस साचत राहिला, कोणाला पत्ता लागला नाही, आणि कार्यशाळेतलं सँडिंग यंत्र सुरू होताच ठिणगी पडली. त्यानंतर टेक्सासने गॅसला वास मिसळणं कायद्याने सक्तीचं केलं आणि ती पद्धत जगभर गेली. आपल्या टाकीतला तो वास एथिल मरकॅप्टनचा. गॅस पेटण्याच्या पातळीच्या पाचव्या हिश्श्यावरच नाकाला कळेल इतका तो मिसळतात.

वास नाकावर अवलंबून आहे, आणि नाक थकतं. दिवसभर फोडण्या आणि मसाल्यांत उभ्या असलेल्या आचाऱ्याला बारीक गळती कळत नाही. म्हणून नियम असा ठेवा: पहाटे कुलूप उघडणाऱ्याने दिवा लावण्याआधी दारातच वाकून, गुडघ्याच्या उंचीवर वास घ्यायचा. उभ्याने घेतलेला वास फसवतो. सर्दी झालेल्या माणसावर हे काम सोपवू नका. ज्या खोलीत कोणी झोपतं तिथे टाकी असेल तर डिटेक्टर लावायलाच हवा. खानावळीत पोरं रात्री स्वयंपाकघरातच अंग टाकतात, ते आधी बंद करा.

टाकी दारात आली की

गाडीवाल्याला घाई असते, तरी दोन मिनिटं थांबवा. वरच्या कडीला जोडलेल्या तीन उभ्या पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. ‘बी २८’ म्हणजे त्या टाकीची पुढची दाबचाचणी जून २०२८ पर्यंत व्हायला हवी. तारीख उलटलेली टाकी परत करायची, वाद घालायचा नाही. वजन करून घ्या: पट्टीवरचं रिकाम्या टाकीचं वजन अधिक १४.२ किंवा १९.

मग सील काढून व्हॉल्व्हच्या तोंडात बघा. आत काळी रबरी रिंग दिसली पाहिजे. ती नसेल, चिरलेली असेल किंवा चपटी झाली असेल तर रेग्युलेटर बसतो, खटका वाजतो, पण गॅस कडेने निसटतो. शेवटी व्हॉल्व्हच्या तोंडात दोन थेंब पाणी टाका. बुडबुडे आले तर पिन गळते आहे. टोपी पुन्हा लावून टाकी परत द्या. ती टोपी दोरीसकट टाकीलाच ठेवा. गळतीच्या वेळी ती शोधत बसायला वेळ नसतो.

नळी, नट आणि साबण

१६ मे १९६८ च्या पहाटे लंडनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत १८ व्या मजल्यावर कोणी चहासाठी काडी ओढली. स्फोट फार जोराचा नव्हता, काडी ओढणारी बाई वाचली. पण कोपऱ्याच्या भिंती बाहेर फेकल्या गेल्या आणि त्या कोपऱ्यातले मजले पत्त्यांसारखे कोसळले. ४ जण गेले. चौकशीत मूळ सापडलं ते शेगडीच्या नळीला जोडणाऱ्या पितळी नटात: हलक्या प्रतीचा, मापापेक्षा पातळ. त्यानंतर ब्रिटनने इमारत बांधणीचे नियम बदलले, म्हणजे एक भिंत गेली तर सगळं कोसळता कामा नये. नियम इमारतीचा झाला. नट बघायचं काम आपल्यावरच राहिलं.

नळी केशरी, आतून पोलादी तारेची, आयएसआय खुणेची ‘सुरक्षा’ नळीच घ्या. तिच्यावर छापलेलं साल वाचा. ५ वर्षं झाली की बदला, दिसायला चांगली असली तरी. हिरव्या साध्या नळीला उंदीर सहज कुरतडतो, आणि बाजारपेठेतल्या किराणा गोदामांशेजारच्या घरांना हे सांगायला नको. लांबी दीड मीटरच्या आत. मध्ये जोड नाही, भिंतीच्या भोकातून किंवा कपाटाच्या फळीतून नेलेली नाही, शेगडीच्या मागून गेलेली नाही, वर कापड किंवा प्लॅस्टिक गुंडाळलेलं नाही. शेगडी टाकीपेक्षा उंच ओट्यावर हवी.

मग साबणाची चाचणी. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत. त्यांना स्वयंपाकघराबाहेर काढूनच सुरुवात करा.

१. सगळ्या ज्योती बंद, देव्हाऱ्यातलं निरांजनही. खिडक्या-दारं उघडी.
२. अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण. जास्त नको, फेसच फेस झाला तर बुडबुडा ओळखू येत नाही.
३. शेगडीचे कॉक बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा. आता नळीत दाब आहे.
४. रंगाच्या छोट्या ब्रशने क्रमाने लावा: रेग्युलेटर आणि व्हॉल्व्हमधली फट, नळीचं रेग्युलेटरकडचं टोक, सगळी नळी बोटाने वाकवत, शेगडीकडचं टोक, शेवटी प्रत्येक कॉकची दांडी.
५. प्रत्येक जागी दहापर्यंत मोजा. बारीक गळतीचा बुडबुडा लगेच येत नाही, हळूहळू टम्म होतो.

कॉकच्या दांडीपाशी बुडबुडा आला तर आतलं ग्रीस सुकलेलं असतं. ते मेकॅनिककडून करून घ्या. घरचं खाद्यतेल घालू नका, ते उष्णतेने चिकट होऊन कॉक अर्धवट अडकतो. चाचणी झाली की ओल्या कापडाने साबण पुसा, नाहीतर धातू गंजतो. घरी तीन महिन्यांतून एकदा आणि टाकी बदलली की दर वेळी फक्त पहिली जागा. खानावळीत आठवड्याला.

जागा

१६ ऑक्टोबर २०१५ ला मुंबईत कुर्ल्याच्या सिटी किनारा हॉटेलात गॅसगळतीनंतर आग लागली आणि ८ जण गेले, बहुतेक जेवायला आलेली कॉलेजची मुलं. आपल्या गणपती पेठेत, कराडच्या बाजारपेठेत, महाबळेश्वरच्या मेन रोडवर अशी अरुंद, एकाच दाराची हॉटेलं किती आहेत ते मोजायची गरज नाही. अशा जागी तीन गोष्टी बघायच्या.

टाक्या ग्राहकाच्या आणि बाहेर पडायच्या वाटेच्या मध्ये आहेत का? असतील तर आजच हलवा. माळ्यावर, तळघरात, जिन्याखाली टाकी नको. तळघरात साचलेला एलपीजी बाहेर यायला वाटच नसते.

खाली हवा खेळते का? टाक्यांच्या खोलीच्या दाराला किंवा भिंतीला जमिनीला टेकून जाळी हवी, तीही बाहेर उघड्यावर निघणारी. पावसाळ्यात पाणी येतं म्हणून ती जाळी पोत्याने बुजवतात आणि दिवाळीपर्यंत काढत नाहीत. जाळीपुढे दोन विटांचा कट्टा घाला, जाळी बुजवू नका.

आणि गटार. २२ एप्रिल १९९२ ला मेक्सिकोच्या ग्वाडालाहारा शहरात गंजून भोक पडलेल्या वाहिनीतून पेट्रोल सांडपाण्याच्या गटारात गेलं. लोक काही दिवस वासाची तक्रार करत होते. मग किलोमीटरच्या किलोमीटर रस्ते फुटले, २०० हून जास्त माणसं गेली. एलपीजीही जड असल्याने मोरीतून तसाच खाली उतरतो आणि शेजारच्या दुकानाच्या संडासात वर येतो. टाक्यांपासून ३ मीटरच्या आत गटाराचं तोंड, चेंबरचं झाकण किंवा बोअरचा खड्डा नाही ना, ते बघा. स्वयंपाकघरातल्या मोरीला पाण्याचा ट्रॅप, म्हणजे पाणी साचून वायू अडवणारा बाक आहे आणि तो कोरडा पडलेला नाही, एवढं बघा. टाक्यांजवळ फ्रीझर, इन्व्हर्टर, पिठाची गिरणी नको. फ्रीझरची ठिणगी जमिनीपासून वीतभर उंचीवर, न विचारता, दिवसातून कितीतरी वेळा पडते.

किती टाक्या

गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार परवान्याशिवाय एका जागी एकूण १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवता येतो. १९ च्या ५ टाक्या म्हणजे ९५ किलो. सहावी आली की ११४, आणि मग परवान्याचा प्रश्न येतो. तो देणारी यंत्रणा पेसो, म्हणजे केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटना, मुख्यालय नागपूरला. अर्धी वापरलेली टाकी भरलेलीच मोजा. लग्नसराईत कार्यालयवाले दोन मांडवांच्या टाक्या एकाच खोलीत लावतात. तिथे शंभरी कधी ओलांडली ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

मर्यादा का, ते १९ नोव्हेंबर १९८४ ला मेक्सिको सिटीजवळच्या सान हुआनिकोने दाखवलं. एलपीजीच्या साठ्याला गळतीतून आग लागली आणि एका टाकीच्या ज्वाळेने दुसरी तापत एकामागून एक फुटत गेल्या. सुमारे ५०० माणसं गेली. द्रवाने भिजलेला टाकीचा भाग आगीतही तग धरतो, कारण द्रव उष्णता ओढून घेतो. वरचा कोरडा पत्रा मात्र तापून मऊ पडतो आणि आतल्या दाबाने फाटतो. शेजारी किती टाक्या आहेत, यावर पुढचं सगळं ठरतं. आपल्याकडे १४ सप्टेंबर १९९७ ला विशाखापट्टणमच्या रिफायनरीत एलपीजीच्याच गळतीतून सुमारे ६० जण गेले.

घरगुती १४.२ ची टाकी हॉटेलात वापरणं २००० च्या एलपीजी पुरवठा आदेशाने गुन्हा आहे. ‘चालतंय की’ म्हणून चालवणाऱ्यांना दंडाची भीती असते. अपघातानंतर विमा हातचा जातो, ते मात्र आधी कोणी सांगत नाही.

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत मोठा साठा असणाऱ्या कारखान्याचा हिशेब वेगळा. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाने कायद्यातली दुरुस्ती आणि १९८९ चे घातक रसायनांचे नियम आले. त्या दुरुस्तीने कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क दिला. आणीबाणीचा आराखडा मागून घ्या, आणि वाऱ्याच्या कुठल्या बाजूला पळायचं ते त्यात आहे का बघा.

आचाऱ्याची भट्टी

सगळ्यात जास्त धोक्याचे प्रकार घडतात ते कार्यालयाच्या मागच्या अंगणात. हजार पानांच्या पंगतीला एका टाकीवर दोन-तीन मोठ्या भट्ट्या लावतात. द्रवाचा वायू होताना उष्णता लागते, ती टाकी स्वतःकडूनच घेते आणि थंड पडते. बाहेरून दव, मग बर्फ धरतो, दाब उतरतो, ज्योत मंदावते. डिसेंबरात पाचगणी-महाबळेश्वरला हे तासाभरात होतं. मग कोणी टाकी आडवी करतं, कोणी गरम पाण्याच्या घमेल्यात बसवतं, कोणी खाली निखारे सारतं.

आडवी टाकी म्हणजे व्हॉल्व्हपाशी वायूऐवजी द्रव. तो रेग्युलेटरमध्ये शिरतो, दाब आवरणारा आतला पडदा गारठवतो, आणि नळीतून गेलेला एक पेला द्रव बाहेर २५० पेले वायू होतो. ज्योत एकदम पुरुषभर उठते ती त्यामुळे. उपाय एकच: टाक्या वाढवा आणि त्या समांतर जोडा, म्हणजे एकीवर ओढ पडत नाही. बर्फ धरलेली टाकी बंद करून उभीच राहू द्या. ती आपोआप सावरते.

भट्टीला हाय प्रेशरचा रेग्युलेटर असेल तर नळीही हाय प्रेशरचीच, दोन्ही टोकांना नट असलेली हवी. घरगुती नळी ३० ग्रॅमच्या दाबासाठी नोझलवर नुसती सरकवलेली असते. हाय प्रेशरवर ती निसटून सापासारखी वळवळत आग ओकते. टाकी भट्टीपासून नळी जाईल तेवढी लांब, मध्ये पत्र्याची आड.

विटा-खानापूरकडच्या गलाईवाल्यांसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांसाठी, एक वेगळी गोष्ट: तोटीत ऑक्सिजन आणि गॅस एकत्र येतात, आणि तोटी अडकली की ऑक्सिजन गॅसच्या नळीत उलटा शिरतो. दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे उलटी येणारी ज्योत अडवणारी झडप लावा. ऑक्सिजनच्या कुठल्याही आट्यावर तेल-ग्रीस नको, हात तेलकट असतील तर साबणाने धुऊनच हात लावा.

वास आला तर, पेटलं तर

कुठलंही बटन लावायचं नाही आणि बंदही करायचं नाही; ठिणगी दोन्हीत पडते. एक्झॉस्ट फॅन तर मुळीच नाही. ज्योती विझवा, रेग्युलेटर बंद करा, काढा, टोपी दाबून बसवा. दारं-खिडक्या उघडा, जमिनीलगतची हवा पुठ्ठ्याने बाहेर लोटा. विजेचं मेन घराबाहेर असेल तरच ते पाडा. टोपी लावूनही फुसफुस थांबत नसेल तर टाकी उभी ठेवून उघड्यावर न्या, गटारापासून दूर. फोन बाहेर जाऊन करा: गॅसगळतीसाठी १९०६, चोवीस तास, आगीसाठी १०१ किंवा ११२. वास गेल्यावरही अर्धा तास दिवा लावू नका.

टाकीच्या तोंडाशी पेटलं असेल तर ज्योत आधी विझवायची घाई नको. व्हॉल्व्ह बंद करता येत नसताना विझवलेली ज्योत म्हणजे पुन्हा मोकळी गळती, आणि ती मग सगळ्या खोलीसकट पेटते. ओलं गोणपाट हातावर घेऊन बाजूने रेग्युलेटरपर्यंत पोचता आलं तर बंद करा. ६ किलोचं पावडरचं अग्निशामक याच कामासाठी: हात पोचेपर्यंत ज्योत दाबून धरायला. पोचता येत नसेल तर माणसं बाहेर, आणि भिंतीच्या आडून टाकीच्या वरच्या भागावर पाण्याचा मारा. शेजारच्या टाक्या आधी हलवा. पंधरा मिनिटं ज्वाळेत असलेल्या टाकीजवळ जाऊ नका.

पूर

सांगलीला ही पायरी वेगळी लिहावी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले, आणि वाहून आलेल्या टाक्या पाण्यात तरंगताना दिसल्या की लोक त्या रिकाम्या समजतात. तसं नाही. १४.२ च्या टाकीत ३३.३ लिटर पाणी मावतं, पत्रा धरून ती ३५ लिटरच्या आसपास पाणी बाजूला सारते, आणि भरलेली तिचं वजन तिसाच्या आत-बाहेर. म्हणजे भरलेली टाकीसुद्धा तरंगते. उलटी-पालटी होत खांबांवर आपटते, रेग्युलेटर लागलेला असेल तर तो तुटतो.

पुलाची पातळी इशाऱ्याच्या ४० फुटांकडे निघाली की, म्हणजे धोक्याच्या ४५ ची वाट न बघता: रेग्युलेटर काढा, टोपी लावा, टाकी वरच्या मजल्यावर उघड्या गॅलरीत उभी ठेवून कठड्याला साखळीने बांधा. सुतळी भिजली की सैल होते. वर जागा नसेल तर एजन्सीकडे परत द्या आणि पावती घ्या. पाणी ओसरल्यावर बुडालेला रेग्युलेटर आणि नळी टाकून द्या, धुऊन वापरू नका. पडद्यावरच्या हवेच्या बारीक भोकात गाळ बसलेला असतो आणि मग दाब आवरत नाही. बुडालेली टाकी बदलून घ्या. शेगडी उलटी करून दोन दिवस उन्हात, नोझल बारीक तारेने साफ, आणि मग साबणाची चाचणी पहिल्यापासून.

कागद

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, तो लागू असलेल्या इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा ‘नमुना ब’ दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. दाखला देणारा प्रत्यक्ष येऊन बघतो ना, एवढं तुम्ही बघा.

तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी सामूहिक विमा काढलेला असतो, ग्राहकाकडून हप्ता घेतला जात नाही: मृत्यूला माणशी ६ लाख रुपये, उपचाराला माणशी २ लाखांपर्यंत आणि एका घटनेला ३० लाखांपर्यंत, मालमत्तेच्या नुकसानीला नोंदणीच्या पत्त्यावर २ लाखांपर्यंत. अपघात झाला की एजन्सीला लेखी कळवा आणि पोलिसांचा पंचनामा करून घ्या. जळालेली नळी, रेग्युलेटर आणि टाकी पाहणी होईपर्यंत होती तिथेच राहू द्या. भाड्याच्या घरात राहायला गेलात, विश्रामबागेतून मिरजेला का होईना, तर जोडणीचा पत्ता बदलून घ्या. जुन्या पत्त्याच्या पासबुकावर नव्या घराच्या नुकसानीचा दावा अडकतो.